कथा गोदाकाठच्या, पडदा पुण्याचा

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत गिरगावच्या सेंट्रल सिनेमात प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ लागला आणि पुढचं सबंध वर्ष तो तिथून हलला नाही. सत्तावन्न आठवडे चालला. त्याच मुक्कामात, १९३७ साली, परतूरला एक अधिवेशन भरलं. परतूर आज जालना जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तेव्हा ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मीटरगेज लोहमार्गावरचं एक स्टेशन होतं. संस्थानातल्या मराठी माणसांनी स्थापलेल्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली तिथे पार पडलं.

सिनेमाच्या इतिहासात परतूर येत नाही आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्याच्या इतिहासात ‘संत तुकाराम’ येत नाही. तरीही हे दोन प्रसंग शेजारी ठेवल्याशिवाय जालना जिल्ह्यातून मराठी संतपटांची गोष्ट सांगता येईल असं मला वाटत नाही. गिरगावातल्या प्रेक्षकाला पडद्यावरची मराठी ही घरचीच गोष्ट होती. परतूरला जमलेल्यांना मात्र आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नांवर चार माणसं एकत्र बसावीत एवढ्यासाठीही सरकारदरबारी खटपट करावी लागत होती. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाखाली जाहीर सभेला आधी परवानगी घ्यावी लागे. राज्यकारभार उर्दूत चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातलं उच्च शिक्षणही उर्दूतून. संस्थानाचं नाणं वेगळं, हाली शिक्का. सीमेवर करोडगिरीचे नाके. इंग्रजी मुलखातून येणाऱ्या मालावर तिथे जकात भरायची. पुण्या-मुंबईहून रेल्वेने येणारी कुठलीही वस्तू मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत चढायची आणि मग औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी अशी पुढे जायची. जालना हे तेव्हाही व्यापाराचं गाव, ‘सोन्याचा पाळणा’ म्हणून ओळखलं जाणारं. पण पुण्याच्या दृष्टीने ते दुसऱ्याच राज्यात होतं.

आणि पुण्यातल्या प्रभातच्या स्टुडिओत ज्या गोष्टींचे चित्रपट बनत होते त्यांतल्या किती गोष्टी या दुसऱ्या राज्यातल्या होत्या, ते पाहा. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं आपेगाव गोदावरीच्या काठावर, पैठणजवळ. पैठण म्हणजे एकनाथांचं गाव, आणि रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा जिथे घडली तेही हेच गाव. खाली गंगाखेडला जनाबाई. नामदेवांशी नाव जोडलेलं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात. आणि मधोमध, आजच्या घनसावंगी तालुक्यात, जांब. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली रामनवमीला जन्मलेल्या नारायणाचं, म्हणजे समर्थ रामदासांचं हे गाव. देहूचे तुकोबा या टापूतले नव्हेत; पण आपल्याला कवित्वाची आज्ञा झाली ती स्वप्नात, विठ्ठलाला सोबत घेऊन आलेल्या नामदेवांकडून, असं तेच सांगतात. मराठीचं संतवाङ्मय ज्या मातीतून उगवलं तिच्यातला फार मोठा भाग १९४८ सालापर्यंत निजामाच्या नकाशात होता. त्या मातीत एकही स्टुडिओ नव्हता. गोष्टी इथल्या होत्या, कॅमेरे पंचगंगेच्या आणि मुठेच्या काठी होते.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी सुरू झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी. १९३३ साली कंपनी पुण्याला आली आणि एरंडवण्यात तिने मोठा स्टुडिओ उभारला. आज त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. या पाचांपैकी शांतारामांचं नाव सगळ्यांत मोठं झालं, ते योग्यच. पण संतपटांचा विषय निघाला की माझ्या मनात आधी येतात ते दामले आणि फत्तेलाल. कंपनीत त्यांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत. एक ब्राह्मण, एक मुसलमान. दोघेही कारागीर वृत्तीचे, कमी बोलणारे. दामल्यांचा हात यंत्रावर, ध्वनिमुद्रणावर. फत्तेलालांचा नेपथ्यावर, रंगरेषेवर. मराठी भक्तिपरंपरेचे सर्वांत सुंदर चित्रपट या दोघांनी मिळून केले.

सुरुवात मात्र शांतारामांनी केली, आणि ती थेट पैठणपासून. १९३५ सालचा ‘धर्मात्मा’ हा एकनाथांचा चित्रपट. त्याचं मूळ नाव होतं ‘महात्मा’. ते नाव ऐकल्यावर तेव्हा कोण आठवणार हे उघड होतं. इंग्रजी अमलातल्या सेन्सॉरने हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं. कथाही खटकणारीच होती. पैठणचा एक ब्राह्मण महाराच्या मुलीच्या बोलावण्याचा मान राखतो, तिच्या घरी जेवतो आणि त्यासाठी सगळ्या गावाचा रोष ओढवून घेतो. १९३५ साली ही गोष्ट पडद्यावर येणं याला मोठा अर्थ होता. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षं चालून थांबला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, हे जाहीर केलं. येवला हे मनमाडच्या लगतचं गाव. संतांच्या करुणेने जे सुटलं नाही ते सोडवायला निघालेला माणूस आणि त्या करुणेची आठवण करून देणारा चित्रपट एकाच वर्षात उभे आहेत. ‘धर्मात्मा’ पाहताना हे डोक्यात ठेवलं की चित्रपटाचं बळ कळतं आणि त्याची मर्यादाही दिसते. नाथांचं मोठेपण पडद्यावर पुरेपूर आहे. पण त्या मुलीच्या वस्तीला स्वतःचा आवाज नाही. ती नाथांच्या येण्याची वाट पाहत राहते.

एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते. सत्तेचाळीस वर्षांचे, आयुष्यभर भामिनी, सिंधू, रुक्मिणी म्हणून महाराष्ट्राच्या डोळ्यांत राहिलेले नारायणराव राजहंस इथे दाढीमिशांत उभे राहिले. लोकांना ते रुचलं नाही. रंगभूमीवर त्यांचं गाणं एका प्रवेशात वाढत जाई, ‘वन्स मोअर’ घेई, प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहून फुले. कॅमेऱ्यासमोर त्यांना तुकड्या-तुकड्यांत गावं लागलं. गंधर्व आणि प्रभात यांची भागीदारी या एकाच चित्रपटावर संपली. मी मात्र हा चित्रपट जरूर पाहा असंच म्हणेन. बालगंधर्वांच्या चेहऱ्यावर एक हळवं, काहीसं बावरलेलं सौजन्य आहे. पुरुषपात्र रंगवण्याचा सराव नसल्यामुळे त्यांचे नाथ कुठेच अधिकार गाजवत नाहीत. नाथांच्या शांतीबद्दलच्या ज्या कथा पैठणच्या षष्ठीला कीर्तनकार सांगतात, त्या कथांतला माणूस असाच असेल असं वाटतं.

‘धर्मात्मा’ने जे साधलं नाही ते पुढच्याच वर्षी ‘संत तुकाराम’ने साधलं. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचं, छायाचित्रण व्ही. अवधूतांचं. तुकोबांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस. हेही मूळचे रंगभूमीवरच्या स्त्रीभूमिका करणारे नट. अशा माणसाला तुकाराम करायचं यावर कंपनीतच मतभेद होते, असं त्या काळाच्या आठवणींत येतं. दामले-फत्तेलाल ठाम राहिले. पुढे पागनीस आणि तुकाराम यांच्यात लोकांनी फरकच केला नाही. कॅलेंडरांवर, देवघरांतल्या तसबिरींत तुकोबा पागनीसांच्या चेहऱ्याने बसले. आजही वारीच्या वाटेवर विकत मिळणाऱ्या कित्येक चित्रांत तोच चेहरा आहे.

पण हा चित्रपट पागनीसांइतकाच, किंबहुना थोडा अधिक, गौरीचा आहे. गौरी ही स्टुडिओत किरकोळ कामं करत पडद्यावर आलेली बाई. तिने जिजाई केली, आपली आवली. नवरा देवापायी घरदार विसरलेला, चूल थंड, पोरं उपाशी. ती भांडते, कावते, म्हशीशी बोलते आणि त्याला शोधत डोंगरावर भाकरी घेऊनही जाते. पोरगं आजारी पडतं, औषधाला पैसा नाही, तेव्हा एका हाताने पोराला आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन ती थेट विठोबाच्या देवळात शिरते. त्या प्रसंगात देवाचा अपमान आहे असं प्रेक्षकांतल्या कुणालाच वाटलं नाही, कारण हा राग आपल्या आईचा, आजीचा आहे हे प्रत्येकाने ओळखलं. शिवाजीराजांकडून नजराणा येतो तो प्रसंग पाहा. पोरं दागिने अंगावर घालून नाचू लागतात, आवली हरखते, आणि तुकोबा ते सगळं परत करायला निघतात. तुकोबांचं बरोबर आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि तरी त्या क्षणी मन आवलीच्या बाजूने उभं राहतं. दिग्दर्शकांनी हे मुद्दाम होऊ दिलं आहे. वैराग्याची किंमत कोण चुकवतं हे त्यांनी झाकलं नाही. शेवटी वैकुंठाचं विमान येतं तेव्हाही आवली मागे राहते, पोरांच्या जेवणाची व्यवस्था बघत.

चमत्कार आहेतच. कीर्तनाला बसलेल्या शिवाजीराजांना पकडायला मोगल येतात आणि प्रत्येक माणूस त्यांना शिवाजी दिसू लागतो. ही युक्तीची छायाचित्रं तेव्हा लोकांनी तोंडात बोट घालून पाहिली. आज ती भाबडी वाटतील. मला ती भाबडी वाटत नाहीत, कारण ती रोजच्या व्यवहाराच्या इतकी जवळ ठेवलेली आहेत. तुकोबा गातात ते काम करता करता; गाणं सुरू व्हावं म्हणून कथा थांबत नाही. भोळ्यांनी चाली वारकऱ्यांच्या वळणावर ठेवल्या. चित्रपटातला बीज आणि वृक्ष यांच्यावरचा अभंग तर लोकांनी तुकोबांचाच मानला. तो गाथेत शोधूनही सापडत नाही म्हणून जाणकार चक्रावले. तो लिहिला होता प्रभातचे गीतकार शांताराम आठवले यांनी.

१९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ‘संत तुकाराम’चा गौरव झाला. परदेशातल्या महोत्सवात असा मान मिळवणारा हा पहिला भारतीय चित्रपट. चित्रपट फक्त मराठीत होता. जी भाषा बोलणाऱ्यांना त्याच वर्षी परतूरला आपलं म्हणणं मांडण्यासाठी परिषद भरवावी लागत होती, त्याच भाषेत तो समुद्रापार ऐकला गेला.

‘तुकाराम’नंतर चार वर्षांनी, १९४० साली, दामले-फत्तेलालांनी ‘संत ज्ञानेश्वर’ केला आणि गोष्ट पुन्हा गोदावरीवर आली. संन्यास सोडून संसारात परतलेले विठ्ठलपंत, वाळीत पडलेलं कुटुंब, आईबापांच्या मागे उरलेली चार भावंडं आणि शुद्धिपत्रासाठी त्यांनी गाठलेलं पैठण. जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून जी गोदावरी वाहते तिच्याच काठावरचं, वरच्या अंगाचं हे गाव. शास्त्रार्थाच्या सभेत लहानग्या ज्ञानदेवाला अडवलं जातं आणि रेड्याच्या तोंडून वेद उमटतात. हा प्रसंग पैठणच्या नागघाटाशी जोडलेला आहे. घाट आजही आहे. बालज्ञानेश्वराचं काम यशवंत या मुलाने केलं, मोठे ज्ञानेश्वर शाहू मोडकांनी. शाहू मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती मराठी कुटुंबातले. दिग्दर्शकांत एक मुसलमान, ज्ञानेश्वर ख्रिस्ती. महाराष्ट्राने दोघांनाही डोक्यावर घेतलं. कुणी त्याची वेगळी चर्चा केली नाही, इतकं ते स्वाभाविक वाटलं.

तांत्रिकतेच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या करामतींच्या दृष्टीने ‘ज्ञानेश्वर’ हा ‘तुकाराम’च्या पुढे आहे. चालणारी भिंत, वाघावर बसून येणारा चांगदेव हे सगळं निगुतीने केलेलं आहे. चित्रपट म्हणून मात्र मी ‘तुकाराम’लाच वर ठेवतो. ज्ञानदेवांच्या घरात आवली नाही. त्यांच्याशी भांडणारं, त्यांना जमिनीवर ओढणारं कुणी नाही; मुक्ताई थोडंसं ते काम करते. त्यामुळे उत्तरार्धात चित्रपट पूजेच्या सुरात जातो. पूर्वार्ध पाहावा, पुन्हा पुन्हा पाहावा: चार पोरकी मुलं, दारोदार मिळणारा नकार, आणि शास्त्राच्या पोथीपुढे उभं असलेलं एक बालपण. सातशे वर्षांपूर्वी पैठणच्या सभेत कागदाच्या तुकड्यासाठी तिष्ठणारी ही मुलं पाहून हैदराबाद संस्थानातल्या मराठी प्रेक्षकाच्या मनात काय आलं असेल, याचा मी अनेकदा विचार करतो.

१९४१ सालच्या ‘संत सखू’त दामले-फत्तेलालांबरोबर राजा नेने दिग्दर्शनाला होते. कऱ्हाडची छळ सोसणारी सून सखू हंसा वाडकरांनी केली. सासुरवासाचा भाग आज जड वाटतो. हंसाबाईंसाठी तो पाहावा. तोवर प्रभातचा पाया खचू लागला होता. १९४२ साली शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढलं. युद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती. १९४३ साली पागनीस गेले, १९४५ साली दामले गेले. १९४४ चा ‘रामशास्त्री’ हा प्रभातचा शेवटचा मोठा मराठी चित्रपट म्हणावा लागेल. १९५० नंतर थोड्याच वर्षांत कंपनीचं दार बंद झालं.

संतपट मात्र लगेच संपले नाहीत. १९४९ साली ‘संत जनाबाई’ आला. जनाबाई पुन्हा हंसा वाडकर. आदल्या वर्षी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं होतं. मराठी पडद्यावर गंगाखेडची जनी दळू-कांडू लागली तेव्हा गंगाखेड निजामाचं राहिलं नव्हतं. जालना, परतूर, अंबड, पैठणही राहिलं नव्हतं. पण तोवर मराठी चित्रपटाची हवा बदलली होती. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’त हंसाबाईंनीच बया रंगवली आणि ढोलकी पडद्यावर शिरली. पुढे १९५९ सालच्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्यात सव्वाशेहून जास्त आठवडे मुक्काम केला. सखू, जनी आणि या चित्रपटातली तमासगीर चिमा या तिन्ही एकाच नटीने केल्या. मराठी चित्रपटाची दोन युगं त्या एका चेहऱ्यावर वाचता येतात.

आता जांबकडे यायला हवं. प्रभातने तुकाराम केले, ज्ञानेश्वर केले, एकनाथ केले, सखू केली. रामदास केले नाहीत. त्या तोडीचा चित्रपट समर्थांच्या वाट्याला पुढेही आला नाही. या जिल्ह्यातल्या माणसाला हे लागतं, आणि याचं कारण शोधावंसंही वाटतं. नाट्य तर होतं. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकताच पळालेला बारा वर्षांचा मुलगा, टाकळीची तपश्चर्या, भारतभ्रमण, आणि अनेक वर्षांनंतर जांबच्या आपल्या घराच्या दाराशी भिक्षेकऱ्यासारखा उभा राहिलेला दाढीजटांतला मुलगा. आत आंधळी झालेली आई राणूबाई. या एका भेटीवर चित्रपट उभा राहू शकतो.

मला दोन कारणं दिसतात. ती माझी अटकळ आहेत. एक कथेच्या रचनेचं. प्रभातच्या संतांना घर आहे. तुकोबांना आवली, नाथांना गिरिजाबाई, ज्ञानदेवांना भावंडं. देव आणि चूल यांच्या ओढाताणीतून दामले-फत्तेलालांचा चित्रपट जन्मतो. रामदासांनी ही ओढाताण बोहल्यावरच तोडून टाकली. त्यांच्याभोवती उरले ते शिष्य, मठ आणि उपदेश. कॅमेऱ्याला पकडायला हे फार अवघड. दुसरं कारण काळाचं. रामदास हे शिवाजीमहाराजांचे गुरू होते की नव्हते हा वाद त्या दशकांत पेटलेला होता, आणि त्याला ब्राह्मण-ब्राह्मणेतर संघर्षाची धार होती. प्रभातची माणसं कोल्हापुरातून आलेली. तो संघर्ष त्यांनी जवळून पाहिला होता. ज्यांच्या नावावर सगळा महाराष्ट्र एकत्र बसेल असे संत त्यांनी निवडले. व्यवसाय म्हणून ते शहाणपणाचं होतं. तरी जांबच्या राणूबाईची ती भेट साहेबमामांच्या नेपथ्यात आणि अवधूतांच्या छायाप्रकाशात पाहायला मिळायला हवी होती, ही हळहळ काही केल्या जात नाही.

एखाद्या भाषेचा चित्रपट आपल्या कवींकडे वळतो तेव्हा काय होतं, याचं दुसरं उदाहरण पार वरच्या टोकाला आहे. काश्मिरी भाषेत पूर्ण लांबीचे चित्रपट अगदी थोडे झाले. पहिला ‘मैंज रात’, १९६४ सालचा. आणि १९७२ साली प्रभात मुखर्जी यांनी काश्मिरी कवी महजूर यांच्यावर ‘शायर-ए-काश्मीर महजूर’ केला, त्यात बलराज साहनी होते. ज्या भाषेला स्टुडिओ लाभला नाही, बाजारपेठ लाभली नाही, तिनेही पडद्यावर आणायला आपला कवीच निवडला. मराठीचं भाग्य असं की तिच्या कवींना दामले-फत्तेलालांसारखे कारागीर भेटले. मराठवाड्याचं दुर्दैव असं की ते भेटले ते सीमेपलीकडे.

सीमेपलीकडचे हे चित्रपट खेड्यांपर्यंत पोचवण्याचं काम तंबूच्या टॉकीजनी केलं. जत्रेत उभारलेला मोठा तंबू, ट्रकमध्ये किंवा लाकडी घोड्यावर प्रोजेक्टर, रीळ बदलताना पडणारा अंधार, जमिनीवर बसलेली माणसं, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. शहरात उतरलेला चित्रपट इथे पुढे कित्येक वर्षं फिरत राही, आणि जत्रा देवाची असल्यामुळे संतपटांना इथे मरण नव्हतं. आदल्या रात्री कीर्तनात ऐकलेली कथा दुसऱ्या रात्री तंबूत बघायची. ‘तुकाराम’ लागला की पायताण बाहेर काढून आत बसणारी माणसं होती, विमान दिसताच हात जोडणारी होती. महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या टॉकीजच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. त्यात गंजलेले प्रोजेक्टर आहेत, आणि ते जिवापाड जपणारी माणसं आहेत. संतपटांबरोबर हाही पाहावा, कारण चित्रपट बनवणाऱ्यांचा इतिहास लिहिला जातो, तो गावोगाव वाहून नेणाऱ्यांचा क्वचितच.

जे बनलं तेही सगळं टिकलं नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, आणि नायट्रेट भडकतं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारातल्या भांडारात आग लागली आणि तिथे ठेवलेली प्रभातची मूळ नायट्रेट रिळं जळाली. अनेक चित्रपटांच्या प्रती त्याआधी सुरक्षित फिल्मवर उतरवलेल्या होत्या म्हणून ‘संत तुकाराम’ आणि ‘संत ज्ञानेश्वर’ आपल्याला आज पाहता येतात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ते आहेत आणि इंटरनेटवरही सापडतात. प्रत जुनी असते, मधेच रेघा येतात, आवाज खरखरतो. पहिल्या दहा मिनिटांनंतर त्याची सवय होते.

पाहायचा क्रम विचाराल तर आधी ‘संत तुकाराम’, आणि तो एकट्याने मोबाइलवर पाहू नये. घरातल्या थोरल्या बाईला शेजारी बसवावं आणि वहाणेच्या प्रसंगी तिच्याकडे बघावं. मग ‘ज्ञानेश्वर’चा पूर्वार्ध. मग ‘धर्मात्मा’, पैठणचं पाणी मनात असताना. ‘सखू’ आणि ‘जनाबाई’ सवडीने. आणि जालन्यात राहत असाल तर रामनवमीला जांबला जाऊन या. तिथे समर्थांचं जन्मघर आणि राममंदिर आहे, उत्सव मोठा असतो, आणि मायलेकांच्या भेटीचा तो प्रसंग कीर्तनात ऐकायला मिळतो. पडद्यावर तो अजून कुणी तरी आणायचा आहे.